खाल्ल्या मिठाला जागा (फक्त प्लेअरने)

बर्फावरची हॉकी नवीनच बघायला लागला असाल तर ऑफसाइड-बिफसाइड नंतर शिका, आधी एवढं घोकून ठेवा की प्लेअर टीम सोडून गेला तर तो गद्दार आणि टीमने प्लेअरला विकला तर तो बिझनेस. बस्स, झालात पक्के फॅन.

आता तो जॉन टवारेस. न्यूयॉर्क आयलँडर्सकडे नऊ सीझन खेळला, कॅप्टन झाला, आणि करार संपल्यावर १ जुलै २०१८ ला सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलर घेऊन टोरंटोला गेला. करार संपला होता हो, पण ते मध्ये आणायचं नाही. वर या बाबाने स्वतःचा लहानपणीचा फोटो टाकला, मेपल लीफ्सच्या, म्हणजे याच टोरंटो टीमच्या चादरीत गाढ झोपलेला. म्हणजे बघा, पोरगं तेव्हापासूनच फितूर! फेब्रुवारी २०१९ मध्ये तो जुन्या रिंकवर खेळायला आला तेव्हा लोकांनी प्लास्टिकचे साप फेकले त्याच्याकडे. तुम्हीपण दोन-चार आणून ठेवा घरात, ऐनवेळी पळापळ नको.

उलटं झालं तर मात्र एकदम समजूतदार व्हायचं. एडमंटनने १९८८ च्या मे महिन्यात चौथा स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी उचलली, जुलैत त्यांचा स्टार प्लेअर ग्रेट्झकीचं लग्न झालं, आणि ९ ऑगस्टला मालकाने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकला, बदल्यात प्लेअर, ड्राफ्ट पिक (नवीन पोरं निवडायचे हक्क) आणि वर दीड कोटी डॉलर रोख. तो बिचारा प्रेस कॉन्फरन्समध्ये डोळे पुसतोय आणि इकडे बऱ्याच जणांनी खापर फोडलं बायकोवर. सून घरात आली आणि पोरगा बिघडला, हे एडमंटनमध्येपण चालतं, मला तर वाचून एकदम घरच्यासारखं वाटलं.

पैशाचं बोलणं सुरू झालं की प्लेअरने कमी घ्यायचं, कारण सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराला मर्यादा आहे ना, टीम कशी बांधणार. एडमंटनच्याच कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये खरंच कमी घेतलं, वर्षाला सव्वा कोटी डॉलर, जुन्या करारात होते तेवढेच, आणि त्याच्या आठवडाभर आधी मिनेसोटाच्या कप्रिझोव्हने वर्षाला १ कोटी ७० लाखांवर सही केलेली. अशा वेळी खूश व्हायचं, पण लगेच भुवया चढवून विचारायचं, दोनच वर्षांचा का रे बाबा, मनात काय आहे तुझ्या? क्लबने मात्र आठ वर्षांचा करार अर्ध्यात मोडून उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश दुप्पट वर्षांत हप्त्याने फेडले तर त्याला बायआउट म्हणतात, तो नियमात बसतो, तिथे मिठाचा विषय काढायचा नाही.

कोलोरॅडोवाल्यांची जरा पंचाईत झाली. त्यांनी २०२५ च्या जानेवारीत मिक्को रँटानेनला कॅरोलिनाला पाठवलं, करार संपत आलेला, आकडा जुळेना, २०२२ चा कप जिंकून देणाऱ्यातला हा, पण बिझनेस. कॅरोलिनाने दीड महिन्यात त्याला डॅलसला दिला. आणि मे महिन्यात प्लेऑफची सातवी, म्हणजे निकालाची मॅच, समोर कोलोरॅडोच, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये कोलोरॅडो २-० ने पुढे, आणि याने त्याच पिरियडमध्ये तीन गोल ठोकून त्यांना घरी पाठवलं.

आता यात साप कुणाला मारायचे? प्लेअरलाच. मालक वर काचेमागे बसतो, तिथपर्यंत हात पोचत नाही.