‘व्हायरल फीवर विथ लो प्लेटलेट’ लिहून मोकळे होणाऱ्यांनो

पावसाळा सरत आला की जळगाव-धुळ्यापासून शहादा-तळोद्यापर्यंत नर्सिंग होमच्या खाटा डेंग्यूने भरतात. नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण. त्यात एडिस डासाची पैदास. सगळ्यांना पाठ झालेलं आहे हे. तरी डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची दरवर्षी तीच ओळ: ‘व्हायरल फीवर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया’, म्हणजे विषाणूचा ताप आणि प्लेटलेट कमी. अरे भो, पेशंट आयसीयूत होता, छातीत पाणी झालं, बीपी पडला, लघवी आटली, आणि निदान काय तर व्हायरल ताप?

विम्याच्या क्लेमसाठी निदानाला कोड लावावा लागतो, ते काम कोडिंगवाल्याचं. या ओळीचे कोड निघतात दोन. बी३४.९, म्हणजे कुठला तरी विषाणू, आणि डी६९.६, म्हणजे प्लेटलेट कमी, कशाने ते माहीत नाही. टीपीएवाला (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा) हे बघतो आणि विचारतो, गोळ्यांवर घरी बरा होणारा माणूस ॲडमिट कशाला केला? अशी क्वेरी, म्हणजे खुलाशाची मागणी, आली की शिव्या कोणाला? कोडिंगवाल्याला.

कोड अवघड असते तर एक वेळ समजलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोड-यादीत ए९७.० म्हणजे धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, ए९७.१ म्हणजे असलेला, ए९७.२ म्हणजे गंभीर. नुसतं ‘डेंग्यू’ लिहिलं की ए९७.९. एवढंच. काही सॉफ्टवेअरांत अजून ए९० आणि ए९१ निघतात. ते जुन्या आवृत्तीतले आणि अमेरिकन यादीतले. ती यादी तशीच डकवून देणाऱ्या व्हेंडरला तर वेगळंच ऐकवायला हवं.

पण ए९७.१ लावायचा तर धोक्याचं लक्षण डॉक्टरच्या अक्षरात लागतं. सोनोग्राफीच्या कागदावर छापलेलं असतं, ‘उजव्या बाजूला प्लुरल इफ्यूजन, गॉलब्लॅडरची भिंत सुजलेली’, म्हणजे छातीत पाणी झालंय. लॅबच्या कागदांवर हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) ३८ वरून ४७ वर गेलेला दिसतो, म्हणजे २० टक्क्यांच्या वर वाढ, रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतोय. आणि नोट्समध्ये? ‘सीएसटी’, म्हणजे तेच उपचार चालू. दुसऱ्या दिवशी ‘सीएसटी’. तिसऱ्या दिवशी ‘ताप नाही, स्टेबल, सीएसटी’. रिपोर्ट बघून निदान ठरवायचा अधिकार कोडरला नाही हो! तुम्ही लिहिलं तर कोड, नाही लिहिलं तर शून्य.

आणि ते ‘ताप नाही, स्टेबल’ तर क्लेमच्या मुळावर येतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. विम्यावाला मात्र त्याच ओळीवर बोट ठेवतो: ताप नव्हता, मग पुढचे तीन दिवस कशाचे? त्याच पानामागे सिस्टरच्या चार्टवर रात्री दोनचा बीपी असतो ९०/७४. वरचा-खालचा फरक १६. हा फरक २० किंवा त्याखाली आला की डेंग्यूत तो शॉक धरतात. सिस्टरने नोंदवलं, सलाइनचा वेग वाढवल्याचंही लिहिलं, आणि सकाळच्या राउंडला साहेबांचं पुन्हा ‘स्टेबल’. आजाराचा कितवा दिवस, बीपीतला फरक, हिमॅटोक्रिट, लघवी किती, सलाइन ताशी किती मिली: पाच गोष्टी. दोन मिनिटं लागत नाहीत.

किडनीचंही तेच. क्रिएटिनिन ०.९ चं २.१ झालं, ते आकडे तेवढे लिहिणार. ‘डेंग्यूमुळे एकेआय’ (किडनीला अचानक इजा) असं लिहा ना! तेव्हा कुठे एन१७.९ लागतो.

तपासणीचं बोलायलाच नको. एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत बघायचं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम (अँटिबॉडीची तपासणी). इथे तापाच्या सातव्या दिवशी एनएस१ करतात, निगेटिव्ह येतं, आयजीएम कोणी पाठवत नाही, आणि कार्डावर ‘डेंग्यू लाइक इलनेस’. रॅपिड कार्डवर लाल रेघ आली तरी जिल्हा हिवताप कार्यालय ती पक्की केस धरत नाही, त्यांना एलायझा ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. नमुना पाठवल्याची तारीख फाइलीत शोधून दाखवा.

प्लेटलेट चढवल्या तर त्याचंही कारण लागतं. काउंट ३२ हजार, रक्तस्राव नाही, तरी आरडीपीच्या (दात्याच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या) चार पिशव्या. नातेवाइकांनी ‘प्लेटलेट लावा’ म्हणून धोशा लावला असेल, पण क्लेमच्या फॉर्मवर नातेवाइकांचा धोशा हा रकाना नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं, काळी संडास झाली, तर तसं लिहा. सोबत पिशवीचा नंबर, सुरू-बंदची वेळ.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. पण ते घड्याळ हॉस्पिटलकडून मागणी गेल्यावर सुरू होतं! डिस्चार्ज समरी दुपारी चारला टाइप होते आणि रावेर-यावलहून आलेली माणसं सकाळपासून पिशव्या भरून बिलिंगच्या खिडकीशी बसलेली.

पेशंट दगावला तर नमुना ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’, खाली कोरं. हृदय सगळ्यांचंच थांबतं. ‘डेंग्यू शॉक’ आणि त्याखाली ‘गंभीर डेंग्यू’ असं लिहिलं नाही, तर तो मृत्यू डेंग्यूच्या हिशेबात येणार कसा?

आणि क्वेरी आल्यावर जुन्या नोटमधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्या पेनाने ‘शॉक’ घुसडायचं बंद करा. स्कॅनमध्ये शाईचा रंग दिसतो, विम्यावाला त्याला खाडाखोड म्हणतो आणि अख्खा क्लेम नाकारतो. राहिलं असेल तर वेगळ्या पानावर पुरवणी नोट लिहा, आजची तारीख, आजची वेळ, सही, रजिस्ट्रेशन नंबर घालून.