कोल्हापुरीला तेल, सीटला नाही

नमस्कार काका. (माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.)

गाडीच्या लेदर सीटवरच्या लेखाखाली तुमची चांगली खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की सीट वेळच्या वेळी स्वच्छ ठेवा, कंडिशनरच्या (लेदर मऊ राहावं म्हणून चोळतात त्या मलमाच्या) फार मागे लागू नका आणि घरातलं तेल तर लावूच नका. तुमच्या मते हा पुस्तकी सल्ला आहे. कातडं सुकलं की तडकतं, त्याला तेल पाजावंच लागतं. तुमच्या घरी कोल्हापुरी वहाणांना पिढ्यान् पिढ्या तेल लावतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. वर एक टोला: ‘खोबरेल नको म्हणजे शेवटी महागडी बाटलीच घ्या, असंच ना?’

टोल्याचं आधी. बाटली विकायची असती तर ‘कंडिशनरच्या मागे लागू नका’ असं कशाला लिहिलं असतं?

आता कोल्हापुरीचं. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. त्या वहाणेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, त्यामुळे वरून लावलेलं तेल आत जिरतं, तंतूंमध्ये शिरतं आणि ते मऊ राहतात. पावसात भिजून वाळली की कोल्हापुरी कडक होते आणि तेलाने पुन्हा वळते, हे घरोघरी पाहिलेलं आहे. त्यात वाद नाही.

पण गाडीच्या सीटचं कातडं वेगळ्या वाटेने येतं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काही युरोपीय कंपन्या क्रोम टाळून दुसरी रसायनं वापरतात. कमावून झालं की मोठ्या फिरत्या ड्रममध्ये त्याला तेल पाजतात. होय, तेल, तुमचा मुद्दा इथे येतोच. फक्त ते पाण्यात मिसळून दुधासारखं केलेलं असतं आणि तंतूंपर्यंत पोचून तिथेच धरून राहतं. त्यानंतर वरून रंगाचे थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पारदर्शक थर. कातडं एक-सव्वा मिलिमीटर जाड, आणि हा सगळा लेप मिलिमीटरचा काही शतांश भाग. आपण बसतो, हात फिरवतो, पुसतो ते या लेपावर. कातड्याला आपला हात लागतच नाही. ऑइलपेंट दिलेल्या दाराला वरून तेल चोळलं तरी ते आतल्या लाकडात मुरत नाही, तसंच हे.

‘मग सीट तडकतात त्या कशाने?’ हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर तुमच्या गाडीतच सापडेल. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड पाहा आणि मग मागची सीट पाहा. सुकण्यामुळे तडे जात असते तर दोन्हीकडे सारखेच गेले असते, कारण हवा तीच आणि ऊनही जवळपास तेच. उलट मागच्या सीटच्या माथ्यावर काचेतून जास्तच ऊन येतं. तरी आधी फाटते ती ड्रायव्हरची कड, कारण चढता-उतरताना रोज तिथेच घासलं जातं, तिथेच दुमडतं आणि घाम, अंगाचं तेल, धूळ तिथेच साचते. बारीक वाळू लेप खरवडते आणि अंगाचा तेलकटपणा त्याला मऊ, चिकट करतो. हे तडे आधी लेपाला जातात, कातड्याला नंतर.

म्हणून माझा सगळा भर धुण्यापुसण्यावर. जो तेलकटपणा काढायचा, तोच आपण वाटीभर आणखी चोळायचा?

खोबरेलाची बाजूही मांडतो. ते जवसासारखं वाळून कडक होत नाही आणि लवकर खवटही होत नाही. पण आत जायला वाट नसल्यामुळे ते पृष्ठभागावर राहतं. नाहीतर शिवणीत, सीटला पाडलेल्या बारीक छिद्रांत आणि खालच्या फोममध्ये उतरतं. थंडीत पुण्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं तसंच ते छिद्रांतही थिजतं. पावसाळ्यात धूळ आणि तेल एकत्र आलं की बुरशीला आयतं जेवण. कोकणातल्या वाचकांना हे समजावायची गरज नाही. जुलैत चार दिवस बंद राहिलेल्या गाडीचा वास त्यांना माहीत आहे. आणि पुढेमागे सीट पुन्हा रंगवून घ्यायची वेळ आली तर तेल किंवा सिलिकॉन लावलेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही. कारागीर आधी तेल काढण्यातच दिवस घालवतो आणि त्याचे पैसे आपण देतो.

‘लेदरला खाऊ घाला’ हा सल्ला मात्र हवेतून आलेला नाही. इंग्लंडमधल्या कॉनोली कंपनीचं कातडं रोल्स-रॉइस आणि जॅग्वारमध्ये बसायचं, आणि त्यांचंच ‘हाइड फूड’ नावाचं मलम गाडीमालक हौसेने चोळत. त्या काळच्या सीटसाठी तो सल्ला निघाला. सीट बदलल्या, सल्ला राहिला.

तुमचं म्हणणं गाड्यांतही खरं ठरतं अशा जागा आहेत. काही महागड्या गाड्यांत वर रंगाचा लेप नसलेलं, ॲनिलिन म्हणतात ते कातडं असतं. ते तेल-पाणी पितं. जुन्या सीटवर लेप झिजून उघडं पडलेलं कातडंही पितं. तिथे कंडिशनर जरूर लावा, पण लेदरसाठी बनवलेलं, थोडं, आणि उरलेलं पुसून घेऊन. ओळखायला सोपं आहे. सीटच्या कोपऱ्यात न दिसेल अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात जिरून डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर वर लेप आहे.

आणि थेंब बसून राहिला म्हणजे ते लेदरच आहे, असंही नाही. आपल्याकडे ‘लेदर सीट’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं लेदरेट असतं, म्हणजे जुन्या भाषेत रेक्झिन. बसायचा भाग खऱ्या कातड्याचा आणि बाजू, पाठ रेक्झिनची, हेही सर्रास चालतं. रेक्झिनला तेल पाजणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

स्वच्छतेचं मूळ लेखात आहेच. इथे एवढंच की साबण निवडताना जपा. कातडं मुळात आम्लधर्मी असतं, आणि अंगाचा साबण, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. लेप शाबूत असेल तर एकदा लावून आभाळ कोसळत नाही, पण शिवणीतून आणि छिद्रांतून ते आत जातं. लेदर क्लीनर नसेल तर पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. डाग जादूने काढणारे ते पांढरे स्पंज मात्र दूर ठेवा. ते डागाबरोबर लेपही घासून नेतात. जीन्सचा निळा रंग फिक्या सीटला लागला तर त्याच आठवड्यात काढा, मुरला की हटत नाही.

आता तुमच्या बेज सीटचं, कारण प्रतिक्रियेच्या शेवटी हळूच लिहिलंय की खोबरेल लावून झालंय आणि सीट चिकट लागते. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, लेपच सुटून येईल. सकाळी गाडी थंड असताना आधी कोरड्या सुती फडक्याने जेवढं निघेल तेवढं पुसा. मग मऊ ब्रशवर फेस घ्या, एका वेळी वीतभर जागा घासा, ओलसर फडक्याने फेस उचला आणि लगेच कोरडं करा. फडकं तेलकट झालं की बदला. सीटवर थेट पाणी किंवा फवारा मारू नका. खाली सेन्सर आणि वायरी असतात. छिद्रांतलं तेल पहिल्या दिवशी निघणार नाही. गाडी उन्हात तापली की ते पुन्हा वर येईल. तेव्हा टिपून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस.

आणि सीटच्या खालच्या बाजूची सुटी कड कुठे दिसली तर उलटून पाहा. मागे विणलेलं कापड दिसतं (म्हणजे रेक्झिन) की केसाळ, सुएडसारखा पोत (म्हणजे खरं कातडं)? ते कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.