पिकअप सात टन ओढते म्हणे! आधी काट्यावर चला

गेल्या महिनाभरात एकच व्हिडिओ मला सहा-सात जणांनी पाठवला. अमेरिकेतली दांडगी पिकअप, मागे तीन एक्सलचा लांबलचक ट्रेलर, त्यावर खोदाईचं मशीन. खाली मजकूर असा : ‘अमेरिकेतली पिकअप पंधरा टन ओढते. आपली निम्म्याची धरली तरी सात टन कुठं गेले नाहीत. कंपनी मुद्दाम आकडा कमी सांगते. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, गाडीवर वजन येतच नाही. मागं स्प्रिंगचे पाटे वाढवा आणि बिनधास्त जोडा.’

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रेलर जोडायचे हूक, दांड्या, जनरेटरच्या ट्रॉल्या हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा मजकूर वाचलेला माणूस फिरून माझ्याच दारात येतो. ‘मिस्त्री, सात टनाचा हूक मारा.’ हूक मी सात टनाचा मारीन हो, पण गाडी कुठनं आणू?

आधी ते ‘निम्म्याची’ बघू. व्हिडिओतल्यासारखी गाडी म्हणजे रॅम ३५००. तिचं २०२१ चं सगळ्यात ताकदवान डिझेल इंजिन १,४५० न्यूटन मीटरच्या वर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देतं. आपल्या बोलेरो पिकअपचा टॉर्क २०० च्या घरात. ही निम्मी नव्हे, सातवा हिस्सा झाला. ती गाडी नुसती रिकामी तीन टनांच्या वर भरते आणि मागे जोड टायर असतात. शिवाय पंधरा टनांच्या पुढचे आकडे मागच्या बंपरखालच्या हुकाचे नसतातच. तिथे ट्रेलरची मान हौद्यात, थेट मागच्या एक्सलवर बसवलेली असते. बंपरच्या हुकावर त्याच गाडीचा आकडा बराच खाली येतो. हे व्हिडिओत दिसतं, पण बघायचं कुणी?

‘कंपनी मुद्दाम कमी सांगते’ हे तर नेमकं उलटं आहे. अमेरिकेत पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने आकडा काढायचा आणि जाहिरातीत फुगवायचा. म्हणून २००८ मध्ये तिथल्या ऑटोमोटिव्ह इंजिनीअरांच्या संस्थेने, एसएईने, ‘जे २८०७’ नावाचं मानक आणलं. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमची सुमारे १८ किलोमीटरची चढण, ३८ अंशांच्या आसपास ऊन, एसी पूर्ण चालू, आणि अशात ट्रेलर ठरलेल्या वेगाने वर गेला पाहिजे. टोयोटाने हे मानक सर्वांत आधी घेतलं आणि त्यांच्या टुंड्रा पिकअपच्या काही मॉडेलांचे आकडे खाली आले. म्हणजे खरी परीक्षा घेतल्यावर आकडा घटला. त्यातही गाडीत ६८-६८ किलोची दोनच माणसं धरतात, बाकी हौदा रिकामा. आपल्याकडे केबिनमध्ये तिघं, हौद्यात केबलची भेंडोळी, जॅक, दोन डिझेलचे कॅन, आणि वर ‘जागा हाय की’ म्हणून चढलेला एक पाहुणा.

आता खरा मुद्दा, चाकांचा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा शोध उसाच्या ट्रॉलीकडे बघून लावला असावा असा माझा अंदाज आहे. चारचाकी ट्रॉलीच्या दांडीवर उभं वजन जवळजवळ येत नाही, तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर. पण पिकअपमागे लोक लावतात ती दोनचाकी. दोनचाकीत काय होतं हे कोल्हापूरच्या माणसाला मी सांगायची गरजच नको. हंगामात ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं, पुढची चाकं हवेत आणि बॉनेटवर दोन पोरं बसवलेली, हे दृश्य कोण विसरलंय? ट्रॅक्टरचं तोंड उचलणारं ते वजन दांडीतूनच येतं.

दोनचाकी ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग दांडीतून गाडीवर यायलाच हवा. कमी आला की ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो, वेग वाढला की जास्तच. म्हणून ‘माल मागं सरकवा, हूक हलका होतो’ हा सल्ला तर महाभयंकर.

गाडीला स्वतःच्या अंगावर जेवढा भार घ्यायची परवानगी असते, त्यातून हे दांडीचं वजन वजा होतं. हूक मागच्या एक्सलच्याही मागे असतो, म्हणून तो तरफेसारखं काम करतो. दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर आणि हूक एक्सलच्या मागे १.२ मीटर धरा. हुकावर १०० किलो आले तर मागच्या एक्सलवर १४० पडतात आणि पुढचे ४० किलो उचलले जातात. आता फॉरवर्डचे सात टन जोडा. बारा टक्क्यांनी हुकावर ८४० किलो, मागच्या एक्सलवर ११७६ जादा, पुढून ३३६ गायब. स्टिअरिंग हातात राहील, पण गाडी ऐकेल का?

अमेरिकेतल्या दांडग्या गाड्याही इथेच अडकतात. तिथल्या ‘पाऊण टनी’ (हे नुसतं नाव) वर्गातल्या बऱ्याच डिझेल पिकअपचं भरलेल्या गाडीचं एकूण वजन १०,००० पौंडांवर, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास बांधलेलं असतं. इंजिनच इतकं जड की भारासाठी टनभरच जागा उरते. हौद्यातल्या जोडणीत ट्रेलरचा पाचवा हिस्सा गाडीवर येतो. सहा टनांचा ट्रेलर लावला की बाराशे किलो. ओढायचा आकडा अजून लांब असतो, आणि भाराचा आकडा कधीच ओलांडलेला.

पाट्यांचं म्हणाल तर मी स्वतः किती गाड्यांना वाढवून दिलेत, खोटं कशाला बोलू. पाटे वाढवले की गाडी मागे बसत नाही, एवढंच. एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. टायरच्या बाजूला लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलेल त्याचा क्रमांक, असतो. ११३ म्हणजे एका टायरला ११५० किलो, दोन्ही मिळून २३००. पाटे वाढवून तो आकडा पुसला जात नाही. उलट आधी गाडी बसलेली दिसायची तेव्हा माणूस घाबरायचा तरी, आता तेही दिसत नाही.

आणि ब्रेक. फॉरवर्डमध्ये हा शब्दच नाही. जोतिबाच्या डोंगरावर मी एकदा माझ्याच पिकअपमागे काँक्रीट मिक्सर नेला होता. चढताना गाडीने हूं की चूं केलं नाही. उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत, दोनदा थांबत खाली आलो. मिक्सरला ब्रेक नव्हते, आपल्याकडच्या बहुतेक दोनचाक्यांना नसतात. गाडी आणि ट्रेलर मिळून पाच टनांचा जोड ४०० मीटर उंचीवरून खाली आणायचा तर जी उष्णता जिरवावी लागते तेवढ्यात साठ लिटर गार पाणी उकळेल. त्यातला काही भाग इंजिन खातं, बाकीचा ब्रेकच्या माथी. ‘ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतोच की’ म्हणणाऱ्यांनी वेगही बघावा. वीसच्या जागी साठने गेलात तर थांबवायची ऊर्जा नऊपट होते.

कायद्याचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड, माल उतरवावा लागतो तो वेगळाच.

मग आकडा काढायचा कसा? कुठल्याही वजनकाट्यावर जा. माणसं, डिझेल, माल भरून पण ट्रेलर सोडून पहिली पावती घ्या. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअप काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर, ही दुसरी. दोन्ही वेळा नुसती मागची चाकंही तोलून घ्या. तिसरी पावती सगळ्या जोडाची. दुसरीतून पहिली वजा केली की दांडीचं वजन मिळतं, तिसरीतून पहिली वजा केली की ट्रेलरचं.

परवा सात टनवाल्या एका भावाला असंच नेलं. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,५०० किलो. पहिली पावती २,९००, दुसरी ३,१९०, तिसरी ५,२५०. म्हणजे ट्रेलर २,३५० किलो, दांडी २९०, बारा टक्के, झकास. मागचा एक्सल २,१५६, टायरची हद्द २,३००. दीडशे किलोसुद्धा शिल्लक नाहीत, आणि ट्रेलर सात टनांच्या जवळपासही नाही. वर त्याला जनरेटर घेऊन गगनबावड्यावरून कोकणात उतरायचं होतं. मी म्हटलं, ट्रेलरच्या एक्सलला ब्रेक बसवल्याशिवाय नवा हूक मारणार नाही. तो चिडून गेला, दुसरीकडून मारून घेईन म्हणाला. काल संध्याकाळी ट्रेलर माझ्या शेडमध्ये आणून सोडलाय. एक्सल खोलायला घेतलाय.