वायर फेकू नका भाऊ, आधी हे वाचा

आपल्याकडच्या ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: वायफायच्या जमान्यात घरात केबल ओढणं म्हणजे पैसे पाण्यात. जास्त अँटेनांचा राउटर घ्या आणि तो माळ्यावर ठेवा, अख्खं घर कव्हर. रेंज कमी पडली तर रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारा डबा) लावा. आणि केबलवरचा कंप्युटर नि वायफायवरचा लॅपटॉप यांची नेटवर्कं वेगळी असतात, म्हणून फायली आणि प्रिंटर शेअर होत नाहीत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो धडधडीत खोटा आहे. राउटरच्या मागचे लॅन पोर्ट (घरातल्या केबली लावायची भोकं) आणि त्याचं वायफाय आतून जोडलेलेच असतात. खात्री हवी तर दोन्ही कंप्युटरवर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'ipconfig' टाका, यंत्राचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.१२ असं काही दिसलं, म्हणजे पहिले तीन आकडे जुळले, तर सहसा दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत.

मग प्रिंटर का सापडत नाही? बऱ्याचदा लॅपटॉप गेस्ट वायफायला (राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) जोडलेला असतो, आणि गेस्टला घरातली बाकी यंत्रं दिसू नयेत अशीच सोय असते. किंवा विंडोजने घरचं नेटवर्क 'पब्लिक', म्हणजे परक्यांचं धरलेलं असतं आणि कंप्युटर लपून राहतो, ते 'प्रायव्हेट' करायचं. तिसरं कारण जास्त छळतं. मागच्या खोलीसाठी कुणीतरी दुसरा राउटर आणतं आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घ्यायच्या भोकात) खुपसतं. तो राउटर मग आपला वेगळा संसार थाटतो, १९२.१६८.०चा. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न थाटता फक्त वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याला पहिल्या राउटरच्याच मालिकेतला एक मोकळा आयपी द्या, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आयपी वाटायचं काम) बंद करा आणि केबल लॅन पोर्टात लावा. भांडण मिटलं.

अँटेनांचं म्हणाल तर सिग्नलच्या ताकदीला कायद्याने मर्यादा आहे, अँटेना वाढवून ती ओलांडता येत नाही. शिवाय फोनलाही राउटरकडे उत्तर पाठवावं लागतं, आणि त्याची अँटेना तेवढीच राहते. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंती किंवा नव्या घरातला सळईचा स्लॅब, दोन्हींपुढे वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लवकर दम टाकतो. २.४चा पट्टा जरा पुढे जातो, पण तो हळू, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. गल्लीतल्या सगळ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात.

केबलला ही कटकट नाही. चांगली कॅट ६ (नेटवर्क केबलची एक प्रत) केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते. पण ती शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात गळ्यात मारतात. कनेक्टर लावताना समोर उभं राहून बघा. आठही तारा बसल्या पाहिजेत. घाईत चारच बसवल्या तरी नेट चालतं, पण वेग १०० मेगाबिटवर अडकतो आणि शिव्या कंपनीला बसतात. विजेच्या वायरच्याच पाइपातून ही केबल ओढू देऊ नका.

भाड्याचं घर असेल तर भिंती फोडू नका, हे मान्य. फोनला तर वायफायच लागणार. पण टेबलावरून न हलणारा कंप्युटर, टीव्ही, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांना केबलच द्या. हवेतली गर्दी तेवढी कमी होते.

रिपीटर? साधा असेल तर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्यात लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात, मग तो पुढे पाठवणार काय? केबल त्या खोलीपर्यंत नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट लावा.

माळ्याचा सल्ला देणाऱ्याने मे महिन्यातलं जळगाव पाहिलेलं नसावं. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. इथे बाहेर सावलीतच पारा ४५ गाठतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. दुपारी नेट अडखळतं आणि रात्री नीट चालतं, अशी तक्रार असेल तर आधी राउटरला हात लावून बघा. मधल्या खोलीत, डोक्याएवढ्या उंचीवर, त्याच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या राहतील असा तो लावा. लाईट गेल्यावर नेट हवं असेल तर छोटा यूपीएस फायबरच्या डब्याला आणि राउटरला, दोघांनाही द्या. आधी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या, यूपीएसचे त्यांच्याशी जुळायला हवेत.