दुपारी दोन वाजता कोण होतं?

पुण्याच्या एका कंपनीचे कागद मी घरून टाइप करून देतो, पानामागे पैसे. त्या कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येकानं आपल्या कॉम्प्युटरवर लॉग मॉनिटरिंगचं, म्हणजे मशीनवर कधी काय घडलं याच्या नोंदींवर नजर ठेवणारं, सॉफ्टवेअर टाकायचं. कारण काय, तर 2022 च्या एप्रिलमधला सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, आदेश: लॉग 180 दिवस जपून ठेवा. देशाच्या सायबर सुरक्षेची काळजी दिल्लीला, आणि भार प्रतापनगरातल्या माझ्या डेस्कटॉपवर. असो. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. घरात शिरताना या सॉफ्टवेअरांना कसलीच अडचण येत नाही.

अडचण आली ती शेजारच्या काकांमुळे. काका सरकारी रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की खर्रा घोटत आमच्या कूलरपुढे येऊन बसतात. स्क्रीनवरच्या तारीखवार नोंदी पाहून त्यांच्या अंगात एकदम जुनी नोकरी संचारली.

"अबे, हे तं आवक-जावक रजिस्टर आहे! हे 6008 कायचं?"

"लाइन गेली होती काका. मशीन नीट बंद न होता बंद पडलं की ती नोंद होते."

"वेळेसकट? प्रिंट काढ. वीजवाले म्हणतात लाइन गेलीच नाही. आणि हे 10016? पानंच्या पानं भरून राहिलं."

"त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. मायक्रोसॉफ्टनंच तसं सांगितलंय."

"मग लिहून कायले ठेवते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्यांचं बोट 4625 वर थांबलं. मी सांगून बसलो की कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकलाय. काकांनी खर्रा गालात सरकवला, चष्मा पुसला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "सूनबाई! मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठं होत्या?"

बायको हातात झारा घेऊन बाहेर आली.

"इथंच होती. पोराचा फॉर्म भराचा होता. यांनी पासवर्ड बदलला तं सांगाचं नाही का?"

"म्हणजे कबूल आहे," काका मला म्हणाले. "लिहून घे."

बायको काकांना काहीच बोलली नाही. वडीलधारे ना! मला म्हणाली, "घरात पहारा बसवला काय तुम्ही?" पहारा माझ्यावरच आहे, हे सांगायला गेलो तर झारा थोडा वर झाला.

आता खरं सांगतो, राग बायकोचा नाही. मला पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही. पान झालं तर पैसे, नाही तर नाही. मग मी मशीन कधी सुरू केलं नि जेवून कधी आडवा झालो, याच्याशी पुण्याला काय करायचंय? 180 दिवस माझ्या वामकुक्षीचं रेकॉर्ड सांभाळणारे माझं बिल मात्र दर वेळी "पुन्हा पाठवा, सापडत नाही" म्हणतात.

मग मेल आला: हे काढा, नवीन येतंय. काढायला गेलो तर पासवर्ड मागितला. तो हेल्पडेस्ककडे. हेल्पडेस्कचं उत्तर: निघत नसेल तर लॉग पाठवा. शेवटी पासवर्ड मिळाला, प्रोग्रामच्या यादीतून नाव गेलं, पण त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा भाग, जागीच. ती कमांड देऊन उडवायला गेलो, तर 1072 नंबरचा एरर: सर्व्हिस काढून टाकण्यासाठी चिन्हांकित केलेली आहे.

"म्हणजे रिटायरमेंटची ऑर्डर निघाली, पण खुर्ची सोडून नाही राहिला," काका म्हणाले. "आमच्याकडं होता असा एक हेडक्लार्क."

मशीन रिस्टार्ट केल्यावर हेडक्लार्क गेला. त्याच्या फायली मात्र प्रोग्रामडेटाच्या लपवलेल्या फोल्डरात तशाच होत्या. मी त्या पुसत असतानाच हेल्पडेस्कचा मेल आला: तुमची समस्या आम्ही सोडवली आहे, कृपया पाचपैकी तारे द्या.

"चार दे," काका म्हणाले. "पाच दिले की ऑडिटवाले शंका घेतात."