दोन सूर्यांचा ग्रह ‘अशक्य’? तो मोजून झालाय की!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा ‘मुलांना थापा शिकवू नका’. राग आहे तो आमच्या भागातल्या एका मराठी हायस्कूलच्या हस्तलिखितावर. आठवी-नववीच्या पोरांनी त्यात ‘जोडवी’ नावाची कल्पित सूर्यमाला रचलीय. थोरली आणि धाकटी या दोन तारका चाळीस दिवसांत एकमेकींभोवती फेर धरतात, खूप लांब ‘पोरकी’ ही तिसरी, लहानशी तांबडी तारका, आणि पाच ग्रह: उंबरा, करपट, निम्मी, अधांतर, वाळवण. मेसेजवाल्यांनी त्यातले चार ‘विज्ञानाच्या दृष्टीने अशक्य’ ठरवलेत. हस्तलिखित मी पानन् पान वाचलंय आणि विज्ञान शिकवण्यावरच माझं पोट चालतं, तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

‘दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकणार नाही. एक तर आत पडेल, नाहीतर भिरकावला जाईल.’

ग्रह फार जवळ असेल तर हे खरं आहे. पुरेसा लांब असेल तर मात्र दोन्ही तारकांची ओढ त्याला जवळजवळ एकाच ताऱ्यासारखी लागते आणि तो दोघींना मिळून फेरी घालतो. ‘पुरेसा लांब’ म्हणजे ढोबळमानाने दोन ताऱ्यांमधल्या अंतराच्या तिप्पट-चौपट. हा नुसता कागदी हिशेब नाही. केप्लर-१६बी हा ग्रह २०११ साली जाहीर झाला. त्याचे दोन सूर्य ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह दोघांभोवती २२९ दिवसांत. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं, तर त्या ताऱ्यांमधलं अंतर सुमारे ०.२२ आणि ग्रहाचं ०.७०. म्हणजे तिपटीच्या किंचित वर, अगदी काठावर, तरी टिकून आहे. पोरांनी उंबरा पाचपट अंतरावर ठेवलाय. चांगली ऐसपैस जागा आहे.

चूक आहे ती चित्रात, आणि ती मेसेजवाल्यांच्या नजरेला पडली नाही. उंबऱ्यावरच्या एका विहिरीचं चित्र आहे. रहाटाच्या दोन सावल्या पडल्यात आणि दोन्ही काळ्या शाईने सारख्याच गडद भरल्यात. धाकटी जर केप्लर-१६ मधल्या लहान ताऱ्यासारखी असेल, तर ती थोरलीपेक्षा कित्येक पटींनी मंद आणि तांबडी. थोरलीने पाडलेल्या सावलीत धाकटीचा उजेड पोचणार, म्हणून ती सावली काळी न दिसता तांबूस दिसेल. धाकटीने पाडलेली सावली मात्र थोरलीच्या लख्ख उन्हात जवळपास विरून जाईल, डोळे बारीक करून शोधावी लागेल. शिवाय एक तारका दुसरीच्या आड गेली की सावली एकच. केप्लर-१६बी च्या जागेवरून पाहिलं तर हे साधारण पंचवीस दिवसांनी घडत राहील. (तो ग्रह शनीसारखा, वायूचा. तिथे विहीर खणायला जमीन नाही, ती गोष्ट वेगळी.)

‘दोन दिवसांचं वर्ष? म्हणजे परवा वाढदिवस, तेरवा परत वाढदिवस!’

विनोद बरा आहे. खरं तर १९९५ साली, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा म्हणून जो पहिला परग्रह सापडला, त्याचं वर्षच मुळी ४.२ दिवसांचं होतं. शोधणाऱ्या मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. संतमसचं वर्ष दोन दिवसांहून जेमतेम तीन तासांनी मोठं. मेसेजच्या शेवटी ‘असली देशी नावं देऊन ग्रह होत नाहीत’ असाही एक टोला आहे. त्याचं उत्तर यातच आलं.

करपटमध्ये खोट आहे, पण दुसरीकडे. पोरांनी तो थोरली-धाकटी दोघींभोवती फिरवलाय, तोही दोन दिवसांत. दोघी एकमेकींभोवती चाळीस दिवस घेत असतील, तर दोन दिवसांची कक्षा त्या दोघींच्या मधल्याच जागेत येते, दोघींना मिळून वळसा घालणं जमायचंच नाही. इलाज सोपा आहे. करपट एकट्या थोरलीला चिकटून फिरू दे. मग धाकटी इतकी लांब पडते की तिची लुडबुड होत नाही आणि वर्ष दोन दिवसांचंच राहतं.

‘एका बाजूला कायम दिवस, दुसऱ्या बाजूला कायम रात्र, म्हणजे ग्रह स्वतःभोवती फिरायचा थांबलेला. असा ग्रह असूच शकत नाही.’

हा टोला निम्मीला, म्हणजे पोरकीभोवती फिरणाऱ्या ग्रहाला. तो थांबलेला नाही, हीच तर गंमत. देवळात प्रदक्षिणा घालताना उजवा खांदा कायम देवाकडे असतो, तरी एका फेरीत आपलं तोंड चारी दिशांना होऊन येतं. फेरी एक आणि स्वतःभोवतीचं वळणही एकच. आपला चंद्र पृथ्वीभोवती असाच फिरतो, म्हणून त्याची पाठ इथून कुणाला दिसली नाही. मंद ताऱ्याच्या फार जवळ असलेल्या ग्रहावर ताऱ्याच्या ओढीने हाच परिणाम होतो. ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या तांबड्या ताऱ्याला सात ग्रह आहेत, हे २०१७ मध्ये जाहीर झालं. सर्वांत आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं, सर्वांत बाहेरच्याचं एकोणीस दिवसांच्या आसपास. हे सातही बहुधा निम्मीसारखेच एक तोंड ताऱ्याकडे करून असावेत. आतल्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचं तापमान जेम्स वेब दुर्बिणीने मोजलं, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं: सुमारे २३० अंश सेल्सिअस.

‘तिसरी तारका म्हणजे तर कहर’ असंही म्हटलंय. मे महिन्याच्या अखेरीस, वळीव आडवा आला नाही तर, रात्री साडेदहा-अकराला येळ्ळूरच्या बाजूला एखाद्या मोकळ्या माळावर जा आणि दक्षिणेला बघा. क्षितिजापासून तेराएक अंशांवर एक ठळक तारा दिसेल, तो मित्र. डोळ्यांना एक दिसतो, असतात दोन. आणि त्यांच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३,००० पट लांब प्रॉक्सिमा ही तिसरी, मंद, तांबडी तारका आहे. तिला ११ दिवसांत फेरी घालणारा ग्रह २०१६ मध्ये सापडला. पोरांची पोरकी आणि तिची निम्मी आपल्या शेजारच्याच घरात आहेत म्हणा ना.

‘सूर्य नसलेला ग्रह हे तर हास्यास्पद.’

असे ग्रह आहेत. पीएसओ जे३१८.५-२२ हा त्यातला एक, २०१३ मध्ये सापडलेला, कुठल्याच ताऱ्याभोवती न फिरणारा. अधांतरला हात लावायची गरज नाही.

‘त्यातल्या त्यात वाळवण पटतो, मंगळ तसाच आहे.’

शाबासकी दिली तीही नेमकी चुकीच्या ग्रहाला! वाळवणवर टोकापासून टोकापर्यंत वाळू, ना समुद्र ना झाड, आणि माणसं मात्र उघड्या तोंडाने मजेत हिंडतायत. श्वास कसला घेतात? आपल्या हवेतला ऑक्सिजन सूक्ष्मजीवांनी आणि वनस्पतींनी उन्हावर अन्न शिजवता शिजवता सोडलेला आहे. तो हवेत साठायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. मंगळाच्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. शिवाय मंगळावरसुद्धा सगळीकडे एकच हवामान नाही, त्याच्या ध्रुवांवर बर्फ आहे. एका अख्ख्या ग्रहाला एकच ऋतू वाटून टाकणाऱ्याने आमचा एक जिल्हा बघावा. जुलैत मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, छत्री वाळत नाही आणि त्याच आठवड्यात अथणीकडचा शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसलेला असतो.

‘स्पर्धा परीक्षेत याचा काय उपयोग? आधीच मराठी शाळांचा पट घसरतोय.’

पट घसरतोय, त्याची कारणं या हस्तलिखितात शोधू नका. उपयोगाचं म्हणाल तर २०१९ मध्ये वुल्फ कुकिअर हा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा नासाच्या गॉडार्ड केंद्रात उन्हाळी काम करत होता. ताऱ्यांच्या जोड्यांतला एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश कमी होतो, त्या नोंदी चाळण्याचं काम. एका जोडीत प्रकाश भलत्याच वेळी कमी झालेला त्याला दिसला. तो तिथला ग्रह होता, टीओआय-१३३८बी. सूर्य दोन.

मुलांना मी तीन दुरुस्त्या कळवल्यात: सावल्या नव्याने रंगवा, करपट थोरलीकडे न्या, वाळवणला एक समुद्र द्या. पहिल्या दोन लगेच मंजूर झाल्या. समुद्र दिला तर नाव बदलावं लागेल, म्हणून तिसरी अडलीय.