स्वस्त आहे म्हणजे केमिकल आहे? कोण म्हणतं!

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय, फ्रान्समध्ये राहणारी आपली मंडळीसुद्धा तो पुढे ढकलतायत. त्याचं म्हणणं असं: नॅचरल वाइन (बाहेरचं जवळपास काही न घालता केलेली) हे श्रीमंतांचं फॅड आहे, वीस युरोच्या खाली मिळाली तर समजा फसवलं, दक्षिण फ्रान्सची स्वस्त रेड वाइन म्हणजे केमिकलचं पाणी, सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं संयुग) नसलेली वाइन बिघडलेलीच असते, आणि रेड फ्रीजमध्ये ठेवणाऱ्याला वाइनमधलं काही कळत नाही.

पहिलं वीस युरोचं बघू. दक्षिणेतल्या लाँगदोक प्रदेशात द्राक्षबागेची जमीन साधारण दहा-वीस हजार युरो हेक्टर, शँपेनमध्ये तोच आकडा दहा लाखांच्या घरात, मग बाटलीची किंमत सारखी कशी असेल? त्यात या वाइन बहुतेक सिमेंटच्या किंवा स्टीलच्या टाक्यांत होतात, ओक लाकडाचं नवं बॅरल नाही. २२५ लिटरचं एक नवं बॅरल सहज सात-आठशे युरोला पडतं आणि त्यात मावतात ३०० बाटल्या, म्हणजे बाटलीमागे दोन-अडीच युरो इथेच वाचले. शिवाय लाँगदोकमधल्याच कोर्बिएर-मिनेरव्वा भागात त्रामोंतान नावाचा वारा सुटतो तो इतका कोरडा की बुरशी कमी, फवारणी कमी. हाताने तोडणी आणि कमी उतारा यांचा खर्च आहेच, तो नाकारत नाही, पण तरी कारिन्याँ, ग्रेनाश, सँसो या तिथल्या द्राक्षांच्या बऱ्या बाटल्या आठ ते बारा युरोत मिळतात. लेबलवर नुसतं 'व्हँ द फ्रान्स' (फ्रान्सची वाइन) असेल तर नाक मुरडू नका, अपेलासिऑनच्या, म्हणजे ठरावीक भागाचं नाव लावायच्या, नियमात न बसणारे कितीतरी चांगले शेतकरी त्याच नावाने विकतात.

(भारतातली किंमत मात्र यात धरू नका, तिथे वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आलीये, ते वेगळंच रडगाणं.)

केमिकलचं पाणी. हा आरोप जुना आहे आणि एके काळी त्यात दम होता: साखर-पाणी घालून वाइन वाढवायचे, भाव कोसळायचे. पण त्याविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं? तिथलेच शेतकरी! १९०७ मध्ये एका गावातल्या मार्सेलँ आल्बेर नावाच्या कॅफेवाल्याने आंदोलन उभं केलं, जूनमध्ये माँपेलिएला लाखो लोक जमले, नार्बोनला सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी भेसळीविरुद्ध कायदा आला. आज ऑरगॅनिक द्राक्षबागांत ऑक्सितानी (लाँगदोक ज्यात येतं तो प्रांत) हा फ्रान्समधला आघाडीचा प्रदेश आहे. आता 'नॅचरल' शब्द कोणीही छापतो हे खरंय, म्हणून २०२० मध्ये आलेलं 'व्हँ मेथोद नात्युर' हे लेबल बघा: ऑरगॅनिक द्राक्षं, हाताने तोडणी, द्राक्षांवरचंच यीस्ट, बाहेरचं काही घालायचं नाही, फार तर थोडे सल्फाइट, तेही एकूण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. साध्या रेडला युरोपात १५० पर्यंत परवानगी आहे.

आता सल्फाइट. शून्य सल्फाइट असं काही नसतं, यीस्ट स्वतःच थोडे बनवतं. आणि नॅचरलवाल्यांचंही एक थोतांड इथेच निकालात काढतो, 'सल्फाइट नाही म्हणून हँगओव्हर नाही'. अहो, हँगओव्हर दारूने होतो! सुक्या जर्दाळूत किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, ते खाऊन कोणी डोकं धरून बसलंय का? बिघडते का? कधीकधी हो. अंड्यासारखा वास आला तर बाटली हलवून अर्धा तास उघडी ठेवा, बहुतेकदा जातो. गिळल्यावर मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली तर उपाय नाही, दुकानात परत द्या. पण ते कधीकधी होतं, 'बिघडलेलीच असते' हे कुठून आलं?

राहिला फ्रीज. अख्खे घोस टाकीत बंद करून केलेली सँसो किंवा कारिन्याँ हलकी, रसाळ असते, १४ अंशाला बहार येते. उन्हाळ्यात अर्धा तास फ्रीजमध्ये टाका, बिनधास्त.